क्लिपांचा फळा आणि खडखडणारी गाडी

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, मित्रांनो. माझ्यावर कधी कोणी खडूने गणित सोडवले नाही, की माझ्यासमोर कोणाला उभे राहण्याची शिक्षा झाली नाही. मी एका गॅरेजात भिंतीवर टांगलेला असतो. माझ्या अंगावर अठ्ठावन्न भोके आहेत आणि प्रत्येक भोकात एकेक वस्तू बसवलेली आहे. कुठे स्क्रू, कुठे रिव्हेट आणि बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या क्लिपा. गाडीच्या दाराला आतून जे गुळगुळीत आवरण असते, छताला जे अस्तर असते, डिकीत जे पॅनेल असते, ते सगळे कशाने तरी धरून ठेवलेले असते. ते धरून ठेवणारी हीच मंडळी. तुम्ही गाडीत बसता, दार लावता, खिडकीतून बाहेर बघता. काहीतरी खडखडायला लागेपर्यंत आम्ही तुमच्या खिजगणतीतही नसतो. असो. मी रडगाणे गायला बसलेलो नाही. मला माझी एक चूक सांगायची आहे आणि ती सांगताना मी आढेवेढे घेणार नाही.

आधी माझा जन्म सांगतो, कारण चुकीचे मूळ तिथेच आहे.

मला घडवले मिस्त्रींनी. त्यांना दुसरे नाव असणारच, पण गॅरेजात ते कोणी घेतलेले मला आठवत नाही. त्या काळी आमच्याकडे फक्त बसगाड्या यायच्या. बसची आतली भिंत म्हणजे पुढे जाड प्लाय आणि मागे लोखंडी पत्रा. एक बस मोडीत निघाली, तेव्हा मिस्त्रींनी तिच्या भिंतीचा दोन हात लांब आणि एक हात रुंद तुकडा पत्र्यासकट कापून आणला. कडा घासल्या, पिवळा रंग दिला आणि ड्रिल हातात घेतले. त्यांची बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती नाक मुरडून म्हणाली, "चांगली नवी फळी आणायची सोडून हे भंगार कशाला रंगवताय?"

"ज्या भिंतीत काम करायचं, त्याच भिंतीवर क्लिप बसवून बघायची," मिस्त्री म्हणाले. "नव्या फळीला बसचं काय कळतंय?"

हे वाक्य मी ऐकले आणि पुढे साफ विसरलो. मिस्त्रीही विसरले.

पुढची बरीच वर्षे माझी चैनीची होती. बस आली, आतली पट्टी निघालेली दिसली, की मिस्त्री माझ्यासमोर येऊन उभे राहायचे. कमरेवर हात ठेवून ते स्वतःशीच पुटपुटायचे. भोक केवढे आहे? ही जागा उन्हाने तापणार का? हे पॅनेल पुन्हा कधी उघडावे लागणार का? मागे काय आहे, वायर, पाइप, की नुसती हवा? चार प्रश्न झाले की बोट माझ्या अंगावर फिरायचे आणि एका भोकाशी थांबायचे. जिथे पुन्हा उघडायचे नाही तिथे रिव्हेट, कारण रिव्हेट एकदा बसला की उठायचे नाव काढत नाही. जिथे वजन आहे तिथे स्क्रू. आणि जिथे आज लावायचे, उद्या काढायचे, तिथे क्लिप. मिस्त्री ती क्लिप माझ्यातून काढायचे, पुन्हा दाबून बसवायचे, दोन बोटांनी हिसका द्यायचे. हलली नाही की म्हणायचे, "हीच."

आणि ती बसमध्येही हलायची नाही. एकदाही नाही.

"हा फळा म्हणजे माझा अर्धा मेंदू आहे," असे मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. दूरदूरचे कारागीर मला बघायला यायचे, वहीत माझे चित्र काढून न्यायचे. प्लाय पाण्याने फुगते म्हणतात. मी कौतुकाने फुगलो. दर शनिवारी मिस्त्रींची धाकटी मुलगी, जिला आज सगळे ताई म्हणतात, ओल्या फडक्याने मला पुसायची आणि प्रत्येक क्लिपेखालचा आकडा मोठ्याने वाचायची. तिचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, बाहेर सायकलवर चकरा मारत तिला चिडवायचा, "अगं, फळ्याचे दात घासून झाले का?"

मग बसगाड्या कमी होत गेल्या. छोट्या गाड्या आल्या, व्हॅन आल्या, त्यांच्या आत प्लायऐवजी पातळ प्लास्टिक आले. नव्या क्लिपा पिशव्यांतून येऊ लागल्या आणि पिशव्या खणांत पडू लागल्या. माझ्याकडे येणारी पावले कमी झाली. गॅरेजात ठोक्या नावाचा कारागीर होता. मनाने सोने, पण जे बसत नाही ते मुठीने ठोकून बसवायचे, ही त्याची रीत. म्हणून ते नाव. त्याला माझी गरजच वाटत नसे. त्याचे डोळे स्क्रूच्या डब्यावर. माझ्या वरच्या कडेवर धूळ साचली, एका कोपऱ्यावर कोणीतरी रेनकोट टांगू लागले. मी मूग गिळून गप्प राहिलो. करणार काय?

एके सकाळी मिस्त्रींचा उजवा हात लुळा पडला. ते औषधपाण्याने उठून बसले, बोलणे शाबूत राहिले, पण त्या हाताने क्लिप दाबणे काही जमेना. ते दारापाशी खुर्ची टाकून बसू लागले. काम ताईने हातात घेतले. दादाची स्वतःची नोकरी दुसरीकडे चांगली चालली होती. त्याला गॅरेज बंद करून ती जागा गोदामासाठी द्यायची होती. तो काही दुष्ट नव्हता, मित्रांनो. बहिणीने जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांत वाकून कंबर मोडून घ्यावी, हे त्याला बघवत नव्हते. ताईला मात्र दुसरे काही करायचेच नव्हते. रोज या विषयावर घरात खडाजंगी होई आणि उरलेली गॅरेजात येई.

शेवटी मिस्त्री वैतागून म्हणाले, "पुरे. आता जी पहिली गाडी येईल ती ताई एकटी करेल. गाडी तक्रार घेऊन परत आली नाही, तर गॅरेज तिचं. आली, तर किल्ली दादाकडे. मला मध्ये घालू नका."

आली ती रुग्णवाहिका.

तिचे ड्रायव्हरकाका आणि त्यातल्या सिस्टर, दोघेही बरोबर आले. सिस्टरांचे वय बरेच होते आणि बोलणे थेट. "माझं एकच म्हणणं आहे," त्या ताईला म्हणाल्या. "गाडी चालायला लागली की भिंती अशा खडखडतात, की मला पेशंटची छाती ऐकू येत नाही. नळी कानात घालायची आणि ऐकायचा काय, तर पॅनेलचा ताशा. मला माणसाचा श्वास ऐकू यायला हवा."

"आणि हे आधी कोणीतरी स्क्रू मारलेत," काका म्हणाले. "आता तुम्ही बघा काय ते."

ताईने एकेक स्क्रू काढला. घाईच्या हातांनी मारलेले लांबलचक स्क्रू होते ते. पातळ प्लास्टिकला प्रत्येक स्क्रूभोवती भेग गेली होती. एका स्क्रूचे टोक मागच्या वायरींच्या जुडग्याला जेमतेम टेकायचे राहिले होते. ताईने ते काकांना दाखवले, तेव्हा काकांनी डोक्याला हात लावला. शिवाय त्या भिंतीमागे ऑक्सिजनच्या नळीचा सांधा होता. वेळ आली तर सिस्टरांना पॅनेल हाताने, पान्याशिवाय उघडता यायला हवे होते. म्हणजे स्क्रू बाद, रिव्हेट बाद, चिकटवणे तर सोडूनच द्या.

ताई माझ्यासमोर आली. तिने रेनकोट काढून फेकला, मला पुसले आणि बापासारखेच कमरेवर हात ठेवून चार प्रश्न पुटपुटली. माझा आनंद काय सांगू! तिचे बोट तिसऱ्या रांगेतल्या क्लिपेशी थांबले. ही क्लिप दोन भागांची असते. बाहेर चपटे टोपण आणि मध्ये खुंटी. खुंटी दाबली की आतले पाय फाकतात आणि पत्र्याला मागून धरतात. खुंटी नखाने वर ओढली की पाय मिटतात आणि क्लिप निघते. ताईने ती माझ्यातून काढली, बसवली, हिसका दिला. ती तसूभरही हलली नाही.

"हीच," ताई म्हणाली. मीही मनातल्या मनात म्हणालो, हीच.

नवी चार पॅनेल आली, मागे फोमची पट्टी लावलेली. बावीस ठिकाणी बावीस क्लिपा बसल्या. मिस्त्री खुर्चीवरून मान वळवून बघत होते. काकांनी गाडी गल्लीत फिरवून आणली, आवाज नाही. सिस्टर हसल्या. त्या दिवशी ताई घरी गेली ती गाणे गुणगुणत.

चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता गाडी परत आली. मी ती दिसण्याआधी ऐकली. दारातून आत येताना तिच्या भिंती आधीपेक्षाही मोठ्याने खडखडत होत्या. सिस्टर उतरल्या, पण रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"काल एक आजोबा होते," त्या म्हणाल्या. "मला त्यांचा श्वास ऐकायला गाडी तीनदा थांबवावी लागली. तीनदा. ते पोचले, ठीक आहेत. पण पुढच्या वेळी थांबायला वेळ असेलच असं नाही."

बातमी दादापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो अर्ध्या तासात आपल्या गाडीने आला. मिस्त्रींनी डाव्या हाताने खिशातून किल्ली काढली आणि मांडीवर ठेवली. दादाने ती लगेच उचलली नाही. तो ताईजवळ जाऊन हळूच म्हणाला, "जाऊ दे गं. तू प्रयत्न केलास. बास झालं."

"बास नाही झालं," ताई म्हणाली. "गाडी परत आली हे खरं. पण ती का आली ते मला कळलेलं नाही. कळू दे. मग किल्ली घे, मी तोंडातून शब्द काढणार नाही." मग ती सिस्टरांकडे वळली. "गाडी कधीपर्यंत ठेवता येईल?"

"आमची पाळी संध्याकाळी पाचला सुरू होते," सिस्टर म्हणाल्या. "तोवर जागची हलणार नाही. आम्ही इथेच बसतो."

मिस्त्री कोणाकडेच न बघता म्हणाले, "मग पाचपर्यंत. तोवर खडखड थांबली, तर गॅरेज ताईचंच."

ताईने केस घट्ट बांधले आणि गाडीत शिरली. पॅनेलवर तळहात ठेवून दाबले तर ते आत जात होते, सोडले की बाहेर येत होते. फोमची पट्टी पहिल्या दिवशी फुगीर होती, म्हणून सगळे घट्ट वाटले होते. तीन दिवसांत ती चेपून गेली आणि मागची पोकळी उघडी पडली. क्लिपा निघाल्या नव्हत्या. त्या आपापल्या भोकांत बसूनच डुलत होत्या.

ठोक्या म्हणाला, "ताई, बावीस आखूड स्क्रू मारतो आणि मोकळे होऊ. तासाभरात."

"आणि नळीचा सांधा निसटला तर सिस्टरांनी काय पाना शोधत बसायचं?"

"मग गोंद?"

"ठोक्या, पुन्हा गोंदाचं नाव काढलंस तर तुलाच चिकटवीन भिंतीला."

ठोक्या एकटाच हसला. ताईने त्याच क्लिपा नव्या आणून बसवून पाहिल्या. त्याही डुलल्या. तिने भोके मोजली, ती बरोबर होती. दहा वाजले, अकरा वाजले. दादा घड्याळाकडे बघत होता, मिस्त्री जमिनीकडे. मला वाटत होते, दोष क्लिपांचा आहे, हल्लीचा माल हलकाच येतो. माझ्यावर तर ती घट्ट बसते! मित्रांनो, माझ्या मनात हे असेच होते. मी स्वतःवर एवढा खूश होतो, की दोष माझ्याकडे असू शकेल हे माझ्या मनाला शिवलेही नाही.

बाराच्या सुमाराला ताई आली आणि तिने मला खिळ्यावरून उचलले. इतक्या वर्षांत मी भिंत सोडली नव्हती. तिने मला सरळ रुग्णवाहिकेत नेले, पॅनेलला टेकवून उभे केले आणि एकच क्लिप आधी माझ्यात बसवली, मग गाडीत. पुन्हा माझ्यात, पुन्हा गाडीत. माझ्यात घट्ट. गाडीत सैल.

"क्लिप तीच," ती पुटपुटली. "भोक तेवढंच. मग बदललं काय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या पिवळ्या रंगाकडे नाही, अठ्ठावन्न भोकांकडेही नाही. ती माझ्या कडेकडे बघत होती. तिने खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला आणि त्याचे दोन जबडे माझ्या कडेवर टेकवले. आजवर कोणी मला असे धरले नव्हते.

"सहा मिलिमीटर," ती म्हणाली. मग गाडीचा पत्रा आणि पॅनेल मिळून मोजले. "साडेतीन."

क्लिपेच्या टोपणापासून फाकलेल्या पायांपर्यंत जे अंतर असते, तेवढ्याच जाडीला ती आवळून धरते. सहाची क्लिप साडेतीनमध्ये बसवली, तर अडीच मिलिमीटरची पोकळी राहणार आणि पॅनेल त्यात नाचणार. बसच्या भिंतीला ती क्लिप शोभत होती. मी स्वतः बसची भिंत होतो ना! मी प्रत्येक क्लिपेची परीक्षा घेतली, ती माझ्या जाडीला. जग बारीक होत गेले आणि मी मात्र सगळ्यांना माझ्याच मापाने मोजत राहिलो. त्या आजोबांच्या श्वासाआड खडखडत होतो तो मीच. मला शरम वाटली, आणि ती आजही पुरती गेलेली नाही.

ताई मला हातात धरून मिस्त्रींसमोर आली. "बाबा, हा फळा केवढा जाड आहे?"

मिस्त्रींनी डावा हात माझ्या कडेवरून फिरवला. "बसच्या भिंतीचा तुकडा आहे तो," ते म्हणाले. "मीच कापून आणला होता. तुझी आई बोलली होती मला." मग ते ताईकडे वळले. "पोरी, जाडी विचारायची हे मी तुला शिकवलंच नाही. मला कधी विचारावी लागली नाही. सगळ्या बसगाड्या सारख्या. चूक तुझी नाही, माझी आहे."

"चूक कोणाची ते पाचनंतर ठरवू," ताई म्हणाली. "आधी साडेतीनची क्लिप हवी."

माझ्यावर ती नव्हती. अठ्ठावन्नांत एकही नाही. मग सगळ्यांनी मिळून खण उपसले. कोणी सांगितले नव्हते, पण सिस्टरही बाह्या वर करून जमिनीवर बसल्या. पिशव्या फोडायच्या, क्लिपेची खुंटी दाबायची, टोपणापासून पायांपर्यंत मोजायचे, बाजूला टाकायचे. चार, पाच, साडेचार, दोन. ठोक्याला व्हर्नियर वाचता येत नव्हता, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले. सिस्टरांनी त्याला पाच मिनिटांत शिकवला. थर्मामीटर वाचण्यापेक्षा सोपे आहे म्हणाल्या. दोन वाजता तळाच्या खणातून एक विनानावाची पिशवी निघाली. ताईने एक क्लिप मोजली आणि ओरडली.

पिशवीत एकोणीस होत्या. लागणार होत्या बावीस.

"तीन ठिकाणी जुन्याच लाव, खाली रबराचा वायसर घालून," दादा म्हणाला. आपण मदत करायला लागलो आहोत, हे त्याच्या लक्षातही आले नव्हते.

"वायसर चेपेल, जसा फोम चेपला. बावीस म्हणजे बावीस." ताई बोलता बोलता थांबली. तिची नजर दाराबाहेर उभ्या असलेल्या दादाच्या गाडीवर गेली होती. तिने व्हर्नियर उचलला.

"ए," दादा म्हणाला. "ए, नाही हं!"

तिने डिकी उघडून मोजलेसुद्धा. "साडेतीन. अगदी तंतोतंत."

"माझी डिकी वाजेल की!"

"वाजू दे. चार दिवसांनी बसवून देते."

दादाने मिस्त्रींच्या मांडीवरच्या किल्लीकडे पाहिले, बहिणीकडे पाहिले, मग रुग्णवाहिकेच्या उघड्या दाराकडे. बहिणीला अडवणे त्याला अगदी सोपे होते. तीन क्लिपा दिल्या नाहीत की काम अडणार होते आणि गॅरेज त्याचे होणार होते. मग त्याने बाह्या दुमडल्या, डिकीत वाकला आणि आपल्याच नखाने खुंट्या वर ओढून तीन क्लिपा काढल्या. त्या त्याने ताईच्या तळहातावर ठेवल्या. "मोडल्यास तर बघ," तो म्हणाला.

पावणेचारला बाविसावी खुंटी आत गेली. पॅनेल दाबले तर हलेना. पण ताईला गल्लीतली फेरी पुरेशी वाटली नाही. पहिल्या वेळी ती त्यातच फसली होती. ती म्हणाली, "काका, इथला सगळ्यात वाईट रस्ता कुठला?"

"तो काय शोधावा लागतोय?" काका म्हणाले.

"आणि पेशंट हवा," सिस्टर म्हणाल्या. "रिकाम्या गाडीत मी काय ऐकू?"

खुर्चीवरून आवाज आला, "मी आहे ना."

दादाने आणि ठोक्याने मिस्त्रींना उचलून स्ट्रेचरवर निजवले. मला परत भिंतीवर न्यायचे कोणाला सुचलेच नाही. मी आतच, पॅनेलला टेकून उभा राहिलो. म्हणून पुढचे सांगू शकतो.

काका आम्हाला खणलेल्या रस्त्यावरून घेऊन गेले. खड्डे, गतिरोधक, सैल खडी. गाडी उजवीकडे-डावीकडे झोकांड्या खात होती. ताई भिंतीला हात लावून वाकून उभी होती. सिस्टरांनी नळी कानात घातली, दुसरे टोक मिस्त्रींच्या छातीवर ठेवले आणि डोळे मिटले. एक मोठा खड्डा आला, माझी कड धाडकन जमिनीवर आपटली. आवाज झाला तो तेवढाच, माझा. सिस्टरांनी डोळे न उघडता हात वर करून सगळ्यांना गप्प राहायला सांगितले, पण तसेही कोणीच बोलत नव्हते.

बऱ्याच वेळाने त्यांनी नळी काढली. "येतंय ऐकू," त्या म्हणाल्या. "स्पष्ट. आणि यांच्या छातीत उजव्या बाजूला थोडा कफ आहे. उद्या दाखवून घ्या."

ताई भिंतीला धरून तशीच खाली बसली आणि रडली. मिस्त्रींनी डाव्या हाताने तिचे डोके थोपटले. परत येताना कोणी काही बोलले नाही, आणि पॅनेलही बोलली नाहीत.

पाचला पाच मिनिटे कमी असताना रुग्णवाहिका निघून गेली. मिस्त्रींनी किल्ली दादापुढे धरली आणि दादाने ती ताईच्या हातात ठेवली. रुग्णवाहिका पुन्हा आली, पण दोन वर्षांनी, आणि तीही फक्त दिवा बदलायला.

मित्रांनो, त्यानंतर माझे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी ताईने मला बाकावर आडवे केले आणि करवत आणली. मी मनाची तयारी केली होती. ज्याने एवढा घोळ घातला, त्याने चुलीत जायला हरकत नव्हती. पण तिने माझ्यात तीन खिडक्या कापल्या. एकीत दोन मिलिमीटरचा पत्रा बसवला, दुसरीत पत्रा आणि पॅनेलची साडेतीनची जोडी, तिसरीत साडेचारची. उरलेला मी सहाचाच राहिलो. जुनी बस अजूनही कधीतरी येते. प्रत्येक क्लिपेखाली आता दोन आकडे आहेत, भोकाचा आणि जाडीचा. जाडीचे आकडे मिस्त्रींनी डाव्या हाताने लिहिले. एकोणीस दिवस लागले. अक्षर वाकडे आहे, वाचता मात्र येते. ठोक्या हल्ली स्क्रूच्या डब्याआधी माझ्याकडे येतो आणि व्हर्नियर असा मिरवतो, जणू त्यानेच तो शोधून काढला. दादाची डिकी चार दिवसांऐवजी दोन महिने वाजत होती. त्यावरून तो आजही ताईला ऐकवतो.

आता माझे एक मागणे आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखी कितीतरी जुनी मापे असतील. फुटपट्ट्या असतील, वजने असतील, "आम्ही असेच करत आलो" म्हणणारी माणसेही असतील. त्यांना फेकू नका. आम्ही कामाचे आहोत, एकेकाळी अगदी बरोबर होतो. पण आम्हाला नुसते पुसून, टांगून, मान देऊन थांबूही नका. आमची धूळ झटकाल, तेव्हा आम्हाला मोजूनही घ्या. मला कोणी तसे वर्षानुवर्षे मोजले नाही आणि मला वाटायचे, यालाच आदर म्हणतात. ज्या दुपारी ताईने पहिल्यांदा माझी जाडी विचारली, त्या दुपारी मला खरेतर पहिल्यांदा कोणीतरी सांभाळले.